बोरघाटातील पाटी आणि इंजिन

मावळातील बाई कष्टाला कधी चुकली नाही. भातलावणी, जळणाची मोळी, पाण्याचा हंडा, हे तिचे रोजचेच. मात्र बोरघाटातील लोहमार्गाची कथा सांगू लागलो, की आपण इंजिनिअर बर्कले यांच्यापाशी सुरू करतो आणि बहुधा तेथेच संपवितो.

1856 मध्ये या घाटाचे काम सुरू झाले. सुमारे सोळा मैलांत 1831 फुटांची चढण आणि 25 बोगदे! 1861 च्या सुमारास येथे 42 हजारांवर मजूर राबत होते, आणि त्यांत बायाही होत्या. मातीकाम त्या काळी सबंध कुटुंबाने अंगावर घ्यावयाचे. पुरुषाने पहार नि कुदळ चालवावी, बायकोने पाटी भरून डोक्यावरून वाहावी, पोरांनी हाताखाली राहावे. पटकीच्या साथी आल्या, त्याही साऱ्यांनी मिळून सोसल्या.

घाटाच्या इतिहासात एका बाईचे नाव ठळक आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. ॲडमसन व क्लाउझर यांच्यावर देखरेख सोपवून तिने काम तडीस नेले, आणि 21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला. तिचे धैर्य मोठेच. पण पाटी तिच्या डोक्यावर नव्हती.

'अवजड काम बायकांचे नव्हे' असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, दगडांनी भरलेली पाटी हलकी होती काय? आमच्या मते अडवणूक वजनापाशी नव्हतीच, ती हत्यारापाशी होती. हत्यार हाती असेल तो कसबी, आणि पाटी वाहणारी बिगारी! मजुरीही त्याच हिशेबाने.

इंजिन हे तर हत्यारांतले सर्वांत मोठे. भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक, साताऱ्याच्या सुरेखा यादव, 1989 मध्ये सहायक चालक झाल्या. घाटात गाडी हाकण्याचे शिक्षण वेगळे असते. येथील उतार 37 फुटांस एक फूट. गाडी अनावर झालीच, तर तिला चढावर घेऊन थोपविणारे फाटे रुळांना जोडलेले आहेत. ते शिक्षण घेऊन 8 मार्च 2011 रोजी त्यांनी 'डेक्कन क्वीन' पुण्याहून मुंबईस नेली. 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या.

रूळ राखणाऱ्या टोळ्यांतही रेल्वेने आता बाया घेतल्या आहेत. त्या टोळीतल्या प्रत्येकाला पूर्वी 'गँगमन' म्हणत.