बुडबुडा, बँक आणि वऱ्हाडचा कापूस: 1865 कडे कसं बघायचं?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींशी 'आर्थिक बुडबुडा' या विषयावर बोलायला लागलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लोक लोभानं आंधळे झाले होते." वाक्य चुकीचं आहे असं नाही, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न तयार होत नाही. लोभ तर कायमच असतो. मग बुडबुडा एखाद्याच वर्षी का येतो? आणि त्याच वर्षी का फुटतो?

याचं उत्तर शोधायला हॉलंडच्या ट्युलिपपर्यंत जायची गरज नाही. आमचं मालेगाव (नाशिकचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं) ज्या वऱ्हाडात आहे, तिथल्या कापसाचा या गोष्टीशी थेट संबंध आहे.

आधी घटनाक्रम बघू. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. युद्धाआधी लिव्हरपूलला अमेरिकन कापूस पौंडाला सात-आठ पेन्सनं विकला जायचा. 1864 साली तो 27 पेन्सच्या आसपास गेला. ही तूट हिंदुस्थानी कापसानं काही अंशी भरून काढली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथला माल मुंबईमार्गे जाऊ लागला आणि मुंबईत पैशांचा पूर आला. आता इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कापसाची ही भाववाढ म्हणजे बुडबुडा नव्हता. टंचाई खरी होती, गिऱ्हाईक खरं होतं.

बुडबुडा झाला तो शेअरमध्ये. कापसाच्या पैशावर मुंबईत बँका, वित्तसंस्था आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा 5,000 रुपये भरणा झालेला शेअर 50,000 पर्यंत गेल्याचं इतिहासात सांगितलं जातं. अजून समुद्रातून वर न आलेल्या जमिनीची ही किंमत होती.

मग लोकांना युद्ध कायम चालणार असं वाटत होतं का? अजिबात नाही. 1864 च्या उत्तरार्धात शांततेच्या नुसत्या अफवांनी लिव्हरपूलचा भाव कोसळला होता. तेजी संपणार हे माहीत होतं, कधी संपणार एवढंच माहीत नव्हतं. आणि 'मी वेळेत बाहेर पडेन' असं प्रत्येकाला वाटत होतं. ब्रुनरमायर आणि नागेल यांनी 2004 च्या निबंधात अमेरिकेतल्या तंत्रज्ञान शेअरच्या तेजीबद्दल असंच काहीसं दाखवलं आहे: हेज फंडांसारखे जाणकार गुंतवणूकदार बुडबुड्याच्या विरोधात न जाता बराच काळ त्यावर स्वार झाले होते. म्हणजे भाव अवाजवी आहे हे कळणं आणि तिथून बाहेर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा धागा उधारीचा. 1840 साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेवर आधी शेअरच्या तारणावर कर्ज देण्याबाबत कडक बंधनं होती. 1863 च्या कायद्यानं ती सैल झाली. मग चक्र सुरू झालं: शेअर गहाण ठेवून कर्ज, त्या कर्जातून आणखी शेअर, त्यामुळे भाव वर, भाव वर म्हणून तारणाची किंमत वर. पुढच्या चौकशीत प्रेमचंद रायचंद यांचा बँकेच्या कर्जवाटपावर केवढा प्रभाव होता हेही उघड झालं.

तिसरा धागा मुदतीचा. कित्येक सौदे रोखीचे नव्हते, वायद्याचे होते. 9 एप्रिल 1865 ला जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि कापूस गडगडला. 1 जुलै 1865 ला वायद्याचे शेकडो सौदे एकदम पुरे करायची वेळ आली आणि कोणाकडेच पैसे नव्हते. 1868 साली जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली.

भाव, उधारी, मुदत. हे तिन्ही धागे सुटे करून तारीखवार मांडले की 'लोक आंधळे झाले होते' याच्या जागी तपासता येईल असा प्रश्न हातात येतो: कोण, कोणाच्या पैशावर, कुठल्या मुदतीचा सौदा करत होता?

आता साधनांबद्दल. या काळावर दिनशा वाच्छा यांचं 1910 चं पुस्तक खूप वापरलं जातं. ते वाचाच, पण ते घटनेनंतर पंचेचाळीस वर्षांनी लिहिलंय हे विसरू नका. त्याच्या शेजारी बँकेच्या चौकशी आयोगाचा अहवाल ठेवा. एकात शहराची आठवण आहे, दुसऱ्यात साक्षी आणि हिशेब. दोन्हींत मिळून मुंबईच दिसते, वऱ्हाड जवळजवळ नाहीच.

आणि खरी मेख तिथंच आहे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याकडे बॅकबेचा शेअर नव्हता, तरी त्याचं पीक त्याच साखळीत बांधलं गेलं. नागपूरपर्यंत रेल्वे 1867 साली पोचली, म्हणजे तेजी ओसरल्यावर. भाव गेला, पण कापूस राहिला, सावकार राहिला, सारा राहिला. लक्ष्मण सत्य यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हे पुस्तक हीच वाट शतकाअखेरच्या दुष्काळांपर्यंत नेतं.

म्हणून प्रबंधाचा आराखडा लिहिताना एक प्रश्न जरूर घाला. बुडबुड्यात कोणी पैसे लावले हे तर शोधाच, पण ज्यांनी एक पैसाही लावला नाही त्यांच्या वाट्याला काय आलं, तेही शोधा. ते शेअर दलालांच्या वह्यांत सापडणार नाही. त्यासाठी महसुलाचे अहवाल, कर्जाचे दावे आणि बाजारभावाच्या नोंदी चाळाव्या लागतील. काम कंटाळवाणं आहे, पण आपल्या भागाचा इतिहास त्यातूनच निघणार आहे.