टाय रॉड एंड बदलताना
खंबाटकी घाटातील वळणे असोत वा सांगली परिसरातील शेतरस्ते, मोटारीचा झिजलेला टाय रॉड एंड जिवावर बेतू शकतो. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोहोचवणारा हा सांधा निखळल्यास चाकावरचा ताबाच सुटतो. पुढचे चाक उचलून डावी-उजवीकडे हलवल्यास ढिलेपणा जाणवणे, हे झिजेचे लक्षण. घरी काम करताना मोटार केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. लॉकनट सैल करून, स्प्लिट पिन व नट काढून सांधा पुलरने सोडवावा. जुना एंड जितक्या फेऱ्यांत निघेल, तितक्याच फेऱ्यांत नवा बसवावा. नट ठरलेल्या टॉर्कला आवळून नवीच पिन घालावी. व्हील अलाइनमेंट मात्र त्यानंतर लगेच गॅरेजमध्ये करून घेणे अनिवार्य आहे.