सग्वारोची शिरगणती

मराठीतला ‘निवडुंग’ हा शब्द मोठा समावेशक आहे. सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवरचा, चीक गळणारा देशी निवडुंग हा युफोर्बिया. फड्या निवडुंग मात्र अमेरिकेतून आलेला खराखुरा कॅक्टस. दोरांसाठी आणि कुंपणासाठी आपल्याकडे रुळलेला घायपात, म्हणजे अगेव्ह, हाही तिकडचाच. या काटेरी मंडळींना त्यांच्या जन्मभूमीत, रानात उभे असताना, कोणी आणि किती काळ न्याहाळले हा इतिहास आम्हां साहित्याच्या अध्यापकांनाही उद्बोधक वाटतो. कारण बऱ्याच अंशी तो वाचनाचा, आणि चुकीच्या वाचनाचा, इतिहास आहे.

ॲरिझोनातील टूसॉन शहराच्या पश्चिमेला टुमामॉक नावाची टेकडी आहे. १९०३ साली वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने तेथे वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. कॅक्टस दाबून, वाळवून कागदावर चिकटवणे मुळातच अवघड. तेव्हा अभ्यासकानेच त्याच्या दारी जाणे इष्ट होते. १९०६ मध्ये व्होल्नी स्पॉल्डिंग यांनी टेकडीवर कायमस्वरूपी चौकोन आखून त्यांतील झाडांची नोंद केली. त्याच सुमारास कुंपण घालून गुरांना मज्जाव करण्यात आला. १९०८ मध्ये फॉरेस्ट श्रीव्ह आले आणि त्यांनी सग्वारो या महाकाय कॅक्टसकडे लक्ष वळवले.

सग्वारोचे आयुष्य दीडशे वर्षांपलीकडे जाते. पहिल्या आठ-दहा वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, पस्तिशीच्या आसपास फुलतो आणि बाहू फुटायला बहुधा पन्नास-सत्तर वर्षे लागतात. पालो व्हर्देसारख्या एखाद्या झाडाच्या सावलीत लहानगे रोप ऊन आणि थंडी चुकवीत तग धरते. अशा वनस्पतीचे निरीक्षण एका माणसाच्या हयातीत संपणारे नव्हे. श्रीव्ह यांनी १९१० मध्येच टेकडीवर कोवळी रोपे कमी असल्याची चिंता व्यक्त केली होती. त्यांच्या नोंदींशी पुढच्या गणना ताडून पाहिलेला, १९०८ ते १९९३ या ८५ वर्षांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी रोपे दरवर्षी सारखी येत नाहीत. त्यांची लाट येते आणि ओसरते, हे अशा दीर्घ गणनांमुळेच कळू शकले.

घाईच्या वाचनाचे उदाहरण टूसॉनच्या पूर्वेला सापडते. सग्वारोच्या रक्षणासाठी १९३३ मध्ये राखीव केलेल्या वनात वृद्ध सग्वारो सडून कोसळू लागले. जिवाणूंचा रोग, असे निदान झाले; १९४० च्या दशकात रोगट झाडे तोडून पुरण्यातही आली. उपयोग शून्य. हे वन शतकाअखेर नामशेष होईल, असे भाकीत १९६२ मध्ये करण्यात आले. पुढील संशोधनाने चित्र पालटले. म्हाताऱ्या झाडांना मारत होती ती कडाक्याची थंडी. सडणे हा बव्हंशी तिचा परिणाम. आणि नवी पिढी का नव्हती? गुरांच्या चराईने आणि लाकूडतोडीने सावली देणारी झाडेच नाहीशी केली होती. म्हणजे सर्वांचे डोळे पडणाऱ्यांवर खिळले होते, न उगवलेल्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही! चराई थांबल्यावर रोपे परतली. १९९० च्या दशकानंतरच्या दुष्काळात मात्र ती पुन्हा दुर्मीळ झाली.

घायपाताची कथा याहून चमत्कारिक. तो आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. तुरा उगवण्यापूर्वी त्याच्या गाभ्यात साखर साठलेली असते. (इंग्रजीत त्याला ‘शतकी’ म्हणतात, ती अतिशयोक्ती, बहुतेक जाती दहा-तीस वर्षांतच फुलतात.) टूसॉनच्या उत्तरेकडील मराना परिसरात, ओसाड वाटणाऱ्या उतारांवर दगडांचे हजारो ढीग आहेत. ते होहोकाम लोकांचे घायपाताचे मळे होते, हे सुझॅन आणि पॉल फिश या पुरातत्त्वज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. दगडांखाली ओल टिकते, उंदरांपासून मुळे वाचतात. शेजारच्या भट्ट्यांत गाभे भाजले जात. तेथे जळालेले अवशेष मिळाले. ज्याला आपण रान म्हणतो, ते कधीकाळी कुणाचे शेत होते.

याच प्रदेशातील तोहोनो ओओधाम लोक सग्वारोला माणूस मानतात. मोजणीच्या वह्या उघडल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून, जूनच्या रखरखाटात, ते मेलेल्या सग्वारोच्या फासळ्यांची लांब काठी करून जिवंत सग्वारोची फळे पाडत आले आहेत. त्यांचे नवे वर्ष या सुगीबरोबर सुरू होते.