भावाचा बूट भावाला येतो का? होंडाची इंजिनं, सुपरचार्जर आणि आठ मिलिमीटर

हा भाग ऐकला असेल तर उत्तम. नसेल तर वाचा, कारण आज आकडे जरा जास्त आहेत आणि ते कानापेक्षा डोळ्यांना सोपे जातात.

सुरुवात माझ्याच एका उद्योगापासून. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाची सुट्टी होती आणि बाबांची १२५ सीसीची बाईक माझ्या ताब्यात होती. त्याच घराण्यातल्या १५० सीसी इंजिनाचा जुना कार्बोरेटर मला भंगारात स्वस्तात मिळाला. बोल्ट जुळले, गाडी चालू झाली, मी खूश. कोल्हापूरहून सांगलीला येताना भर रस्त्यात इंजिन जाम! मिस्त्रींनी उघडून दाखवलं. कार्बोरेटरमागच्या रबरी जोडातून फटीने हवा आत खेचली जात होती. हवा जास्त, पेट्रोल कमी, पिस्टन तापून सिलिंडरला चिकटलेला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "इंजिनियर साहेब, भाऊ-भाऊ असले म्हणून एकाचा बूट दुसऱ्याला येतो का?"

बाबा काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

पुढे कळलं की याच प्रश्नाभोवती एक अख्खा इतिहास आहे. आज तो सांगतो.

आधी सुपरचार्जर म्हणजे काय ते बघू. इंजिन स्वतः जेवढी हवा ओढतं, त्यापेक्षा जास्त हवा त्याच्यात कोंबणारा पंप. तो इंजिनाच्याच क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. जास्त हवा, तिच्या जोडीला जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. यातल्या सर्वात जुन्या जातीचं पेटंट १८६० सालचं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांचं. तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्यांचा ब्लोअर लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवायचा.

रसवंतीचा चरक आठवा. शेजारी शेजारी दोन रोलर, उलट दिशांना फिरणारे. रूट्स ब्लोअर दिसायला तसाच, पण एक मोठा फरक आहे. ऊस रोलरच्या मधून जातो, तर इथे हवा दोन्ही रोटरच्या बाहेरच्या कडेने, पाकळ्यांच्या खोबणीत बसून पलीकडे जाते. म्हणजे हा पंप एका फेऱ्यात ठरलेलं माप उचलतो आणि पुढे टाकतो. पुढे कोणतं इंजिन आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९३८ मध्ये जनरल मोटर्सने ट्रक-बससारख्या जड कामासाठी टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांची '७१' मालिका आणली. एका सिलिंडरचं आकारमान ७१ घनइंच, म्हणून ७१. सहा सिलिंडरचं इंजिन ते ६-७१. जळलेला धूर बाहेर ढकलून ताजी हवा आत भरायला त्यावर रूट्स ब्लोअर असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी हे ब्लोअर सोडवून आपल्या पेट्रोल व्ही-८ इंजिनांवर बसवले. गंमत म्हणजे ब्लोअर दुसऱ्या घरी नांदायला गेला तरी नाव माहेरचंच राहिलं. आजही ड्रॅग रेसिंगमध्ये लोक '६-७१' म्हणतात.

छोट्या गाड्यांना परवडेल असा सुपरचार्जर मोठ्या प्रमाणावर यायला १९८०चं दशक संपत आलं. ईटन कंपनीचा एम९० हा १९८९च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपमध्ये आला. मग त्याची धाकटी भावंडं, एम६२ आणि एम४५. नावातला आकडा म्हणजे एका फेऱ्यात उचललेली हवा, घनइंचात. एम६२ म्हणजे साधारण १,०१६ सीसी.

आता येऊ होंडाकडे. १९९०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात तरुण पोरांनी सिव्हिक आणि इंटेग्रा डोक्यावर घेतल्या होत्या. जॅक्सन रेसिंग या कंपनीने होंडाच्या बी मालिकेतल्या इंजिनांसाठी एम६२ वापरून किट काढली. मूळ इन्टेक मॅनिफोल्ड काढायचा आणि त्या जागी ब्लोअरसकट नवा बसवायचा. बी मालिका म्हणजे मोठं खटलं, सगळे एकमेकांचे भाऊबंद. त्यामुळे 'त्याची किट माझ्या गाडीला बसेल का?' हा प्रश्न येणारच होता. जुनी किट अर्ध्या किमतीत मिळत असेल तर कोण सोडेल?

पहिला अडथळा नावाचा. बी१८सी१ हे इंटेग्रा जीएस-आरचं इंजिन आणि बी१८सी५ हे टाइप-आरचं. दोन्ही १,७९७ सीसी, नावावरून जुळी भावंडं. पण टाइप-आरच्या हेडवर मॅनिफोल्डच्या बोल्टची मांडणी १.६ लिटरच्या बी१६शी जुळते, जीएस-आरशी नाही! म्हणजे बी१६ची किट टाइप-आरला बसते आणि त्याच्या जुळ्या भावाला बसत नाही. इंजिनाचं नाव ब्लॉकवरून ठरलं, किट मात्र हेडला बसते.

दुसरा अडथळा उंचीचा. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत बी१६ सुमारे २०४ मिलिमीटर, बी१८ सुमारे २१२. फरक फक्त आठ. पण ब्लोअर वर हेडला आणि त्याला फिरवणारी पुली खाली क्रँकवर. पट्टा वर जातो आणि खाली येतो, म्हणजे फरक सोळा मिलिमीटरपर्यंत. जुना पट्टा बसणार नाही.

हे दोन्ही अडथळे डोळ्यांना दिसतात. अडॅप्टर बनवा, लांब पट्टा आणा, सुटलात. खरा धोका तिसरा, तो दिसत नाही.

चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाएवढी हवा घेतं. म्हणजे एका फेऱ्यात १,५९५ सीसीचं बी१६ सुमारे ७९८ सीसी, तर बी१८सी सुमारे ८९९. समजा, क्रँकच्या एका फेऱ्यात ब्लोअर सव्वा फेरा फिरतो. एम६२ देणार १,२७० सीसी. गळती वगैरे सोडून भागाकार करा. बी१८सीवर १.४१, बी१६वर १.५९. तोच ब्लोअर, त्याच पुल्या. पण मोठ्या भावावर वातावरणापेक्षा ४१ टक्के जास्त दाब, धाकट्यावर ५९ टक्के. पंप मापाने ओततो, भांडं लहान असेल तर दाब वाढणारच.

दाब वाढला की हवा तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तेच. या इंजिनांचं कॉम्प्रेशन आधीच जास्त, बी१६ए२चं १०.२, टाइप-आरचं १०.६. गरम हवा आणखी दाबली की उरलेलं मिश्रण वेळेआधीच आपोआप पेटतं. हाच नॉक. लोहाराने घण घालावा तसे पिस्टनवर घाव बसतात.

उलट बाजूही बघा. बी१६ची किट टाइप-आरवर गेली की गेजवर दाब कमी दिसतो, आणि माणूस निश्चिंत होतो. पण हवेचं वजन जवळपास तेवढंच आत जातंय. ताकद त्या वजनातून येते, पेट्रोलही त्या वजनाच्या हिशोबाने लागतं. आणि होंडाच्या मूळ ईसीयूला वातावरणापेक्षा जास्त दाबाची ओळखच नव्हती. म्हणून किटमध्ये दाबासोबत पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर यायचा. तो एका विशिष्ट इंजिनासाठी, त्याच्या इंजेक्टरसाठी जुळवलेला. भावाला दिला की हिशोब चुकला. पुढे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग हाताशी आलं, तेव्हा कुठे ही अदलाबदल खऱ्या अर्थाने शक्य झाली.

म्हणजे अनेक वर्षं लोक लोखंड जुळवत होते, आणि खरं जुळवायचं होतं ते हवा आणि पेट्रोलचं गणित. बोल्ट बसला नाही तर काम तिथेच थांबतं, नुकसान शून्य. बोल्ट बसला आणि गणित चुकलं, तर गाडी चालू होते. आणि मग हायवेवर कळतं.

माझ्या नोकरीतही हेच बघतो. दोन सर्व्हिस सारख्या दिसतात, एकीची कॉन्फिग दुसरीला लावली, एरर आली नाही, सगळे खूश. एरर न येणं म्हणजे जुळणं नव्हे. हे मला कॉलेजने नाही, बाबांच्या बाईकने शिकवलं.

ती बाईक दुरुस्त झाली. जुना कार्बोरेटरच परत लावला. बाबा अजून तीच चालवतात, फक्त किल्ली माझ्या हातात देताना एकदा बघून घेतात.

तुम्ही असा भावाचा बूट कुठे घालून बघितला असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.