मालगुंडचं घर

गणपतीपुळ्याला दोनदा जाऊन तसेच परतलो होतो. या खेपेला हट्टाने पुढे मालगुंडला गेलो, केशवसुतांच्या जन्मघरी. साधं कोकणी घर. शेजारचं स्मारक १९९४ सालचं, उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते.

लेकीने विचारलं, "बाबा, त्यांचा फोटो कुठाय?"

नाहीच! १८६६ साली जन्मलेल्या, मराठी कवितेला नवं वळण देणाऱ्या या माणसाचं छायाचित्र उपलब्ध नाही. हयातीत कवितासंग्रहही निघाला नाही. तो मागाहून काढला हरिभाऊ आपट्यांनी. मास्तरकी करत गावोगाव फिरले आणि १९०५ मध्ये प्लेगनं गेले, तेही दूर हुबळीला. पाठोपाठ पत्नीही.

चेहराच नाही म्हटल्यावर मी भिंती, कोनाडे निरखत बसलो. लेक मात्र उंबऱ्यावरून हलेना.