अंतर कोणी कापायचं?

'स्मरणिकेसाठी तिकडचं काहीतरी लिही' असा आपल्या दहावी १९९६ च्या ग्रुपवर हुकूम आला, तेव्हा मी डॅलसहून शिकागोला निघाले होते. फेब्रुवारीचे दिवस. बर्फामुळे विमान रद्द झालं, म्हणून गाडी काढली. जवळजवळ दीड हजार किलोमीटरचा रस्ता. शेजारी माझी सतरा वर्षांची लेक मध घातलेलं कोमट पाणी घोटघोट पीत एकच गाणं गुणगुणत बसली होती. कॉलेजात संगीत-रंगभूमीच्या पदवीला प्रवेश हवा असेल तर मार्कांवर भागत नाही. परीक्षकांसमोर गावं लागतं, नाचावं लागतं, एक स्वगत म्हणावं लागतं. गाण्याला मिळतात फक्त सोळा बार. आपल्या हिशेबात सांगायचं तर चार मात्रांचा एक बार, म्हणजे एकूण चौसष्ट मात्रा. तीनतालाची चार आवर्तनं! गाणं थोडं जलद असेल तर पाऊण मिनिटही लागत नाही.

पाऊण मिनिटासाठी दीड हजार किलोमीटर. मी इंजिनियर, त्यामुळे हे गणित मला झोपू देईना. ही पद्धत आली कुठून, हे शोधायला बसले आणि पोहोचले थेट आपल्या मिरजेत.

आपण लहानपणापासून ऐकत आलो, की बालगंधर्वांनी रंगभूमीवर पहिलं पाऊल मिरजेत टाकलं. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत, शकुंतलेच्या भूमिकेत. पण त्यातली एक गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. त्या काळी प्रवास करायची ती कंपनी. पडदे, पेट्या, आचारी, साजिंदे असा सगळा संसार घेऊन ती गावोगाव मुक्काम टाकायची आणि वाटेत चांगला गळा कानावर पडला की त्याला सोबत घ्यायची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, त्यानंतर दोनच वर्षांनी 'सौभद्र'मध्ये सुभद्रा झालेले भाऊराव कोल्हटकर त्यांना मिळाले ते बडोद्याचे. मुलगा कंपनीत गेला की त्याचं जेवणखाण, तालीम, गाण्याची शिकवणी सगळं कंपनीकडे. कंपनी हेच त्याचं कॉलेज. मुलींना मात्र त्या कॉलेजात जागा नव्हती. सुभद्राही पुरुषच व्हायचा, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गायला नकोत.

अमेरिकेतही चित्र फार वेगळं नव्हतं. १८६९ साली दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि न्यूयॉर्कच्या नाटक कंपन्या आगगाडीने देशभर फिरू लागल्या. लहानलहान गावांनी हौसेने नाट्यगृहं बांधली. त्यांना 'ऑपेरा हाऊस' म्हणायचे, मग तिथे ऑपेरा कधी होवो न होवो! पुढे सिनेमा आला. गावोगावच्या नाट्यगृहांत पडदा लागला, फिरत्या कंपन्या कमी होत गेल्या आणि १९२७ नंतर बोलपटाने उरलीसुरली कसर भरून काढली. धंदेवाईक नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेभोवती गोळा झालं. आपल्याकडेही बोलपटाने संगीत नाटक मंडळ्यांचं काय केलं, ते वेगळं सांगायला नको.

कंपनी संपली की शिकवायचं कोणी? अमेरिकेत ते काम हळूहळू विद्यापीठांनी उचललं. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रशाळेत १९१४ साली नाट्यविभाग सुरू झाला आणि नाटकाची पदवी देणारी ती देशातली पहिली संस्था ठरली. तंत्रशिक्षणासाठी काढलेल्या शाळेत नाटकाची पहिली पदवी, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्या वेळी या दोन गोष्टींचं एकमेकींशी वैर होतं.

पण नाटकाची पदवी वेगळी आणि संगीत नाटकाची वेगळी. ही दुसरी गरज निर्माण केली ती नाटकांनीच. १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'मध्ये नायिकेचं स्वप्न नृत्यातून दाखवलं आहे. तिथे नायक-नायिकेच्या जागी चक्क दुसरे नर्तक येतात, कारण गाणाऱ्याला तसं नाचता यावं अशी अपेक्षाच नव्हती. चौदा वर्षांनी, १९५७ साली, 'वेस्ट साइड स्टोरी' आलं. जेरोम रॉबिन्सने त्यात टोळीतल्या पोरांना नाचवलं, गायला लावलं आणि अभिनयही करायला लावला. एका माणसात तीन विद्या हव्यात, हे तिथून पक्कं होत गेलं. या तिन्ही एकत्र शिकवायच्या म्हणजे संगीत, नृत्य आणि नाट्य हे तीन विभाग एका छपराखाली आणायला हवेत. १९६८ साली सिनसिनाटी विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाने तसा अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतला या प्रकारचा पहिला अभ्यासक्रम म्हणून त्याचं नाव घेतात. मग मिशिगन, न्यूयॉर्क, टेक्सस असे ते राज्याराज्यांत पसरले.

१९७५ साली 'अ कोरस लाइन' आलं. त्याचा विषयच ऑडिशन. सतरा नर्तक रंगमंचावर आखलेल्या एका रेषेवर उभे राहतात, जागा फक्त आठ. मायकेल बेनेटने खऱ्या नर्तकांना एकत्र बसवून त्यांच्या गप्पा टेपवर घेतल्या होत्या, त्यातून हे नाटक उभं राहिलं. नाटकाच्या आधीची रांग हाच नाट्याचा विषय व्हावा, इतकी ती रांग तोवर मोठी झाली होती.

आता अडचण अशी, की चांगले अभ्यासक्रम देशभर विखुरलेले आणि एकेका वर्गात कुठे दहा-बारा जागा तर कुठे वीस-पंचवीस. अर्ज करणाऱ्याने जायचं तरी किती गावांना? त्यावर तोडगा म्हणून सामायिक ऑडिशन आल्या. जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीत न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस इथे अनेक कॉलेजांचे परीक्षक एकाच वेळी येऊन उतरतात. शिकागोत यासाठी पामर हाऊस हे जुनं हॉटेल वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. मजल्यामजल्यावर खोल्या घेतलेल्या, एकीत एका कॉलेजचे परीक्षक, शेजारी दुसऱ्याचे. जिन्यात, लिफ्टशेजारी, जागा मिळेल तिथे मुलंमुली गळा तापवत उभी. भिंतीला टेकून बसलेले आईबाप, मांडीवर कोट आणि हातात वेळापत्रक. अर्धं अंतर कॉलेजने कापायचं आणि अर्धं मुलांनी, अशी ही वाटणी.

पुढे आणखी एक चाळण लागली. आधी व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला तरच समोर बोलावणं. १२ मार्च २०२० ला महामारीमुळे ब्रॉडवे बंद झालं आणि पुढच्या हंगामात बहुतेक सगळ्या ऑडिशन घरातल्या कॅमेऱ्यासमोर झाल्या. आता अंतर मिटलं, असं आम्हा संगणकवाल्यांना वाटणं साहजिक होतं. तसं झालं नाही. साथ ओसरली तशा हॉटेलातल्या खोल्या पुन्हा भरल्या. एका खोलीत, पेटीवाल्याच्या, म्हणजे इथे पियानोवाल्याच्या, लयीशी मूल कसं जुळवून घेतं, एक सूचना दिली तर पुढच्या क्षणी काय बदलतं, हे पडद्यावर पुरतं कळत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गुरुजींनी हे कधीच सांगितलं असतं.

या सगळ्या इतिहासात मला एकच धागा दिसतो. अंतर कधी नाहीसं होत नाही, फक्त ते कापण्याचा खर्च एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आधी तो कंपनीवर होता, आज घरावर आहे. अर्जाची फी, गाण्याची खास शिकवणी, विमान, हॉटेल आणि आईबापांची रजा. ज्याला हे जमतं त्याचाच गळा ऐकला जातो.

माझ्या लेकीच्या वर्गात तिच्यापेक्षा चांगली गाणारी एक मुलगी आहे. हे माझी लेकच सांगते. तिचे व्हिडिओ दोन कॉलेजांनी पसंत केले होते. पण तिची आई तासावर काम करते, तीन दिवस खाडा करणं परवडणारं नव्हतं. आमच्या गाडीत मागची सीट रिकामी होती. तिला विचारायचं मला सुचलं ते शिकागोहून परतल्यावर. ही चूक माझी आणि ती अजून टोचते.

टोचायचं कारण असं, की माझ्यासाठी कोणीतरी हे अंतर कापलं होतं. नववीत असताना मुंबईच्या एका नाट्यगीत स्पर्धेसाठी आपल्या गाण्याच्या बाईंनी आम्हा चौघींना नेलं होतं, आठवतंय? रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि बाई रात्रभर सामानावर हात ठेवून जाग्या. बक्षीस काही मिळालं नाही. तिकिटांचे पैसे बाईंनी स्वतःच्या पगारातून भरले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी, बाई गेल्यावर कळलं. माझ्या घरी त्या तिकिटाला नक्की 'नाही' म्हणाले असते.

ओक्लाहोमा सिटी विद्यापीठात फ्लॉरेन्स बर्डवेल नावाच्या अशाच एक गाण्याच्या बाई होत्या. न्यूयॉर्कपासून इतक्या दूर, माळावरच्या शहरात त्या वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या. क्रिस्टिन चेनोवेथ आणि केली ओ'हारा या ब्रॉडवेच्या दोन मोठ्या गायिका-अभिनेत्री त्यांच्याच शिष्या आणि दोघीही ओक्लाहोमातल्याच मुली. चांगला गुरू गावाजवळ असला की मुलांचं अर्धं अंतर तिथेच कमी होतं.

लेकीचं विचाराल तर आठ नकार आणि दोन होकार आले. घरापासून तीन तासांवरच्या सरकारी विद्यापीठात ती जाते आहे. खूश आहे.

मित्रमैत्रिणींनो, संमेलनाला आपण सगळे लांबलांबून येणार, जेवणार, फोटो काढणार. माझी एक सूचना आहे. शाळेतल्या ज्या मुलामुलींना गाण्याच्या, नाटकाच्या, चित्रकलेच्या स्पर्धेला परगावी जायचं असेल, त्यांच्या आणि सोबत जाणाऱ्या शिक्षकांच्या प्रवासखर्चासाठी एक छोटा निधी उभा करू. बक्षिसासाठी नको, फक्त तिकिटासाठी. पहिल्या चार तिकिटांचे पैसे मी देते. बाईंचे तेवढे देणं लागतेच.