जखमेच्या वाटेनं

१९२४ चा जानेवारी आहे. भातकुलीहून कापसाच्या बंड्या अमरावतीकडे निघाल्या आहेत आणि तुम्ही त्यातल्या एकीवर बसला आहात. हाकणाऱ्याच्या पायाला विळा लागलाय. हळद भरून वर फडकं बांधलंय. फडक्याखालून पिवळं पाणी झिरपतं. तुम्ही एकविसाव्या शतकातून आलात, तुमच्या ओठावर गोळीचं नाव येतं. पण ती गोळी अजून जगात नाही.

बडनेऱ्याला रेल्वे धरा, कल्याणला गाडी बदला आणि १२ तारखेच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरा. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेले मोहनदास गांधी टेबलावर आहेत. वय ५४, अपेंडिक्स सुजलेलं. संमतीच्या कागदावर सही करताना त्यांचा हात थरथरत होता. आता खोलीत क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आहे. कर्नल मॅडॉक पोट उघडतात आणि मध्येच वीज जाते. नर्सच्या हातातली बॅटरीही विझते. उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पार पडते.

शस्त्रक्रिया यशस्वी होते. तरी पुढे जखमेपाशी गळू होतं आणि तब्येत अपेक्षेपेक्षा सावकाश सुधारते. ५ फेब्रुवारीला सरकार त्यांना सोडतं, पण मुक्काम मार्चपर्यंत ससूनमध्येच राहतो.

चूक कुणाची, असं तुमच्या मनात येईल. मॅडॉक यांच्याकडे एवढ्यात बोट दाखवू नका. अशा गळूतले जंतू बहुतेकदा रोग्याच्याच मोठ्या आतड्यातले असतात. तिथे ते जन्मभर सुखानं नांदतात, अन्न पचवायला हातभारही लावतात. अपेंडिक्स सडलं, पोट उघडलं, की त्यांना जिथे जायला नको तिथे वाट मिळते. कातडीवरच्या जंतूंचंही तेच. दवाखान्यात रोग बाहेरून चाल करून येतो असं आपण समजतो; खरं तर पुष्कळदा उपचारच त्याला दार उघडून देतो. सुरीशिवाय रोगी मेला असता, म्हणून सुरी टाळायची सोय नाही. मग उरतात हात. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं १८४७ साली इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणी वाचू लागल्या. त्याला त्याच्याच लोकांनी मानलं नाही, हे आजही वाचवत नाही.

आता १९२४ पासून तीसेक वर्षं पुढे सरका. ससूनपासून फार दूर नाही, पिंपरीत. १९५५ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढते आहे आणि देशातलं पेनिसिलिन तयार होतं आहे. इथे थांबून आनंद करावा असा हा क्षण आहे, करा. पण पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू तोवर जगभरच्या वॉर्डांत दिसू लागलेत. औषधानं कमजोर मरतात, चिवट उरतात, आणि ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते बहुतेकदा हातांवरून. म्हणून दवाखान्यातला जंतू गावच्या जंतूपेक्षा हट्टी असतो. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा एक तर खाटेच्या कोरड्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे तग धरतो.

आता आजच्या अमरावतीत या. एका दवाखान्यात तुमचे बाबा आहेत. त्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं. मनगटात सलाईनची सुई आहे, खाली लघवीची नळी. त्या नळीकडे जवळून बघा. भातकुलीत पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो, तसाच थर जंतू या नळीत धरतात आणि त्याच्याआड राहतात; तिथवर औषध नीट पोचत नाही. नळी आत असेपर्यंत लघवीत जंतू शिरण्याचा धोका दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के असतो. दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर उमटलेला संसर्ग डॉक्टर दवाखान्यातला धरतात.

गावाहून मामी डबा घेऊन आल्यात. चादर सारखी करायची म्हणून त्यांनी लघवीची पिशवी उचलून खाटेवर, बाबांच्या पोटाशी ठेवली. माया आहे त्यात. पण पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की साचलेली लघवी उलटी आत जाते, जंतूंना घेऊन.

"मामी, ती खालीच असू द्या. खाली, पण फरशीला टेकवू नका."

"असं होय! मले कोणी सांगतलंच नाही ना."

हे मात्र खरं आहे. रोग्याजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या माणसाला कुणी सांगत नाही. हात कधी धुवायचे, सुईजवळची चिकटपट्टी का सोडायची नाही, हेही नाही. एवढ्या गर्दीत सिस्टरांना सवड तरी कुठली? तुम्हीच उठा. त्यांच्या टेबलापाशी जा आणि विचारा.

"सिस्टर, बाबांची नळी अजून लागतेच काय?"

त्या फाईल उघडतात, मागचं पान बघतात, डॉक्टरांना फोन लावतात.

"दुपारी काढू. त्यांना धरून बाथरूमपर्यंत नेता येईल ना?"

"येईल."